आवाहनाला किती मिनिटं?

माझ्या टेबलाच्या खणात तीन रंगांच्या चिठ्ठ्या असतात. पांढरी म्हणजे दहा मिनिटं उरली, पिवळी म्हणजे पाच, आणि लाल म्हणजे आवरा. चिंचवड गावठाणाच्या कडेला एका जुन्या न्यासाचं सभागृह आहे, अडीचशे खुर्च्यांचं. तिथे मी बावीस वर्षं व्यवस्थापक आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही लोककलेचा कार्यक्रम करतो. शाहिरी, भारूड, भीमगीतं, कव्वाली, धनगरी ओव्या, गोष्टी सांगणारे, जे मिळेल ते. प्रवेश सगळ्यांना मोकळा.

या बावीस वर्षांत कुठल्या कार्यक्रमाला किती सतरंज्या लागल्या, माईक कधी बंद पडला, पाण्याचा टँकर किती वाजता आला, याच्या नोंदी माझ्याकडे आहेत. लाल चिठ्ठ्या किती पाठवल्या, याची नोंद नाही. त्यांतल्या एका चिठ्ठीमुळे एका गावाचं नाव घ्यायचं राहून गेलं. ते पुन्हा कधी घेतलं जाईल की नाही, हे पुढचे काही दिवस कुणीच सांगू शकत नव्हतं. त्या चिठ्ठीबद्दल लिहिते आहे.

आधी थोडं कामाबद्दल. लोकांना वाटतं, हिची काय मजा आहे, रोज गाणी ऐकायची. प्रत्यक्षात मी एकही कार्यक्रम खुर्चीवर बसून पूर्ण ऐकलेला नव्हता. जनरेटरमध्ये डिझेल आहे का, बायकांच्या स्वच्छतागृहाची कडी नीट लागते का, चहा कलाकारांना आधी मिळाला की पाहुण्यांना, हे बघण्यातच दोन तास जातात. आणि सगळ्यात मोठं काम वेळ राखण्याचं. आमचा प्रेक्षक कंपनीतला. दुसऱ्या शिफ्टची बस त्याला नाक्यावरून पकडायची असते. कार्यक्रम बारा वाजता संपला नाही तर माणसं कितीही रंगलेली असली तरी उठतात, आणि रंगमंचावरच्या कलाकाराला वाटतं, आपला अपमान झाला. शिवाय एक वाजता कुणाचं तरी बारसं असतं, त्यांचे केटरिंगवाले साडेअकरापासून दारात पातेली घेऊन उभे. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाचा मी एक तक्ता करते. कोण, किती वाजता, किती मिनिटं, काय काय लागणार.

तक्त्यातला प्रत्येक रकाना कुठल्या तरी फजितीतून आलेला आहे. थेरगावात राहणाऱ्या कोकणातल्या कामगारांनी एकदा दशावतार केला. राजा रंगून तयार झाला आणि मुकुटासकट रंगपटाच्या दारातून बाहेरच पडेना. मुकुट काढला तर खाली बांधलेलं सगळं सुटणार. शेवटी राजाला गुडघ्यावर रांगत बाहेर आणलं, आणि त्याच्या मागे प्रधान ओरडत होता, "महाराज, मान खाली, मान खाली!" तेव्हापासून माझ्या अर्जात 'वेशभूषेची उंची' असा रकाना आहे.

जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या एक आजी आल्या होत्या. माईकसमोर बसवलं तर तोंडातून शब्द निघेना. म्हणाल्या, "हात रिकामा आसला की मला आठवत न्हाई गं." शेजारच्या गल्लीतून जातं आणलं, दोघांनी उचलून. आजींनी अर्धी पायली ज्वारी दळली आणि तासभर गायल्या. मी तक्त्यात 'लागणाऱ्या वस्तू' हा रकाना वाढवला आणि विषय संपवला. त्या वाक्याकडे तेव्हाच नीट लक्ष द्यायला हवं होतं.

आणि एक शाहीर होते. पोवाड्याच्या कार्यक्रमात प्रेक्षक नावांच्या, फर्माईशींच्या चिठ्ठ्या वर पाठवतात, ही जुनी रीत. मी लाल चिठ्ठी पाठवली, ती शाहिरांनी न वाचताच कपाळाला लावली आणि म्हणाले, "बाईंची फर्माईश आली हो! आता थांबायचं न्हाई." त्यानंतर लाल चिठ्ठी मी फक्त सलीमभाईंच्या हातून पाठवू लागले. सलीमभाई आमचे ध्वनिव्यवस्थेचे. पिंपरीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, आणि सभागृहाच्या पहिल्या दिवसापासून ते माझ्याबरोबर आहेत. ते चिठ्ठी देऊन परत येत नाहीत. कलाकार थांबेपर्यंत शेजारी उभे राहतात, आणि सहा फुटी माणूस शेजारी उभा राहिला की कुणीही थांबतं.

तर धोंडीनाना. धोंडीनाना गोंधळी मोशीहून पुतण्याच्या मोटारसायकलवर बसून आले. वय अठ्ठ्याहत्तर, अंग वाळकं, आवाज मात्र पुढच्या चौकापर्यंत जाईल असा. पुतण्या सुदाम चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे आणि सुट्टीच्या दिवशी काकांच्या मागे संबळ वाजवतो.

ज्यांनी गोंधळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्नकार्य पार पडलं की देवीचा गोंधळ घालतात. धान्याचा चौक मांडतात, त्यावर कलश, वर पाच उसांचा मांडव, आणि हातात धरायची तेलाची पेटती दिवटी. संबळ म्हणजे कमरेला बांधलेलं, काड्यांनी वाजवायचं जोडवाद्य. गोंधळी आधी सगळ्या देवांना नाव घेऊन, गाव घेऊन बोलावतो. हे आवाहन. मग देवांसमोर आख्यान लावायचं, म्हणजे गोष्ट सांगायची, आणि शेवटी आरती.

मी तक्ता पुढे ओढला. "नाना, आख्यान किती मिनिटांचं?"

"तुमी म्हनाल तेवढं. अर्धा तास म्हना, दोन तास म्हना."

"आणि आवाहन?"

"ते आसतंय तेवढंच आसतंय."

सुदाम हळूच म्हणाला, "चाळीसेक मिनिटं धरा, मॅडम."

मी पेन खाली ठेवलं. "चाळीस मिनिटं नुसती नावं?"

"नुसती न्हाईत," नाना म्हणाले. "देव हाईत."

"नाना, लोक गोष्ट ऐकायला येतात. मोठे देव ठेवा. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी. बाकीच्यांना एकत्र घ्या. समस्त देव म्हणा."

नाना हसले. "बाई, तुमच्या घरच्या लग्नात पत्रिका कशा वाटल्या? समस्त नातेवाईक म्हनून एकच भिताडाला चिकटवली का?"

सुदाम दुसरीकडे बघून हसला. मलाही हसू आलं, पण तक्ता तक्ता असतो. "माझ्याकडे दहा मिनिटं आहेत, नाना. कुणाला कमी करायचं ते तुम्ही ठरवा."

"मला ठरवता येत न्हाई. मला फकस्त बोलावता येतंय. तुमी थांब म्हना, मी थांबतो."

मी लिहिलं: आवाहन, दहा मिनिटं. नावं कुठल्या क्रमानं येतात, हे विचारायचं मला सुचलं नाही. पाहुण्यांच्या यादीतली शेवटची नावं कुणाची आहेत हे न बघता ती कापायची, ही चूक माझ्यासारख्या याद्या करणाऱ्या बाईकडून व्हावी, हे मला आजही खटकतं.

सभागृहात ज्योत पेटवायला मनाई आहे. त्यामुळे सलीमभाईंनी दिवटीला नारिंगी दिवा बसवून दिला, बॅटरीवर चालणारा. नानांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि सुदामकडे दिला.

कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. दहाव्या मिनिटाला सलीमभाई लाल चिठ्ठी घेऊन शेजारी जाऊन उभे राहिले. नाना अर्ध्या ओळीवर थांबले, हात जोडले आणि त्यांनी गोष्ट सुरू केली. लोक पोट धरून हसले, दोनदा डोळे पुसले. अकरा अठ्ठावन्नला आरती संपली. मी तक्त्यावर बरोबरची खूण केली.

खुर्च्या उचलायचं काम चालू होतं तेव्हा एक म्हातारी बाई टेबलापाशी आली. नऊवारी, हातात कापडी पिशवी. त्या इंदूबाई.

"बाई, आमची जाखाई ऱ्हायली."

मला वाटलं, यांच्याबरोबरची कुणीतरी आत राहिली. मी म्हणाले, "थांबा, स्वच्छतागृहात बघायला पाठवते."

"तिथं कशाला आसंल ती? भोकरमाळची जाखाई. नानांनी तिचं नाव न्हाई घेतलं. तुमी चिठ्ठी पाठिवली."

मग त्यांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. भोकरमाळ ही चाकणच्या पलीकडे माळावरची वीस-पंचवीस घरांची वस्ती. जमीन कंपनीला गेली, घरं उठली. कुणी मोशीला गेलं, कुणी भोसरीला, इंदूबाई मुलाबरोबर रावेतला. जाखाईचा तांदळा, म्हणजे देवी म्हणून पुजलेला शेंदराचा दगड, कंपनीच्या कुंपणाच्या आत, डिझेलच्या टाकीमागे. वर्षातून एकदा पाच माणसांना आत जायचा पास मिळतो.

"गावाची पाटी न्हाई, एस्टीचा थांबा न्हाई. रेशनकार्डावर बी रावेत हाय. भोकरमाळ म्हनून तोंडानं म्हननारं आता एक नानाच. नातवाच्या लग्नात म्हनलं, गोंधळ घाला. लॉनवाले म्हनले, पंधरा मिन्टं, डीजे थांबलाय. तिथंबी ऱ्हायली. मग सुनंनं सांगितलं, चिंचवडला त्या बाईंच्या हालात सगळं शिस्तीत आसतंय. म्हनून दोन बशी बदलून आले. म्हनलं, हितं तरी नाव निघंल."

'शिस्तीत' हा शब्द त्यांनी टोमणा म्हणून वापरला नव्हता. म्हणून तो जास्त लागला.

"पुढच्या वेळी पूर्ण आवाहन घेऊ," मी म्हणाले.

इंदूबाईंनी मागे वळून नानांकडे पाहिलं. नाना फेटा सोडत बसले होते. "म्होरल्या टायमाला कोन बोलावनार?"

मला काही माहीत नव्हतं. सुदामने बाजूला घेऊन सांगितलं. नानांच्या स्वरयंत्रावर गाठ होती. शस्त्रक्रिया अठरा दिवसांनी ठरली होती. नंतर बोलता येईल, पण मोठ्यानं हाक मारणं, गाणं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे आजचा गोंधळ हा बहुतेक शेवटचा होता, आणि तो मी दहा मिनिटांवर तोडला होता.

"तुला येतं ना आवाहन?" मी सुदामला विचारलं.

"नाही, मॅडम. लहानपणापासून ऐकतोय, पण म्हणायला गेलो की सात-आठ नावांच्या पुढे जात नाही. माझं फक्त वाजवणं."

दुसऱ्या दिवशी मी कोरी वही घेऊन मोशीला गेले. माझा हिशेब साधा होता. नाना सांगतील, मी लिहीन, अर्ध्या तासात यादी तयार. नंतर कुणीही वाचावी. नाना खाटेवर बसले होते, गळ्याला मफलर.

"नाना, सांगा नावं. मी उतरवून घेते."

"चौक कुठं मांडलाय?"

"चौक नको. फक्त नावं हवीत."

"बाई, मी हाक मारली आन् ते आले, तर बसवू कुठं? ह्या खाटंवर?"

ते चेष्टा करत नव्हते. मी दुसऱ्या बाजूनं गेले. "बरं, सगळी नको. एकच सांगा, भोकरमाळच्या आधी कोण आणि नंतर कोण?"

"तसं मधनं येत न्हाई मला. पयल्यापासनं चालाय लागलो की वाट सापडती." त्यांनी गळ्याला हात लावला. "डॉक्टर म्हनतोय, आता ताण देऊ नका. एकदा म्हनंन. दोनदा म्हनून घेऊ नका."

परत येताना बसमध्ये मी वहीच्या पहिल्या पानावर कामांची यादी केली. खरा गोंधळ, खरा चौक, खरी दिवटी, वेळेचं बंधन नाही, अठरा दिवसांच्या आत. आणि एकदाच.

सभागृह सगळे रविवार भरलेलं होतं. गुरुवार रिकामा सापडला, आणि आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच लहान कारखान्यांना गुरुवारची सुट्टी, त्यामुळे माणसं येऊ शकत होती. ज्योतीचा प्रश्न होता. न्यासाच्या अध्यक्षांना मी विचारलं, नियम सभागृहाच्या आत लागू आहे, अंगणात काय? ते म्हणाले, "बाई, हा नियम तुम्हीच लिहिला होता." मी म्हणाले, "म्हणूनच मला माहीत आहे की त्यात अंगण नाही." परवानगी मिळाली. सुदामच्या कंपनीला मात्र सुट्टी रविवारची, आणि त्या आठवड्यात त्याची दुसरी शिफ्ट. त्याने तुळजापूरकडच्या एका सहकाऱ्याला बदली मागितली. तो म्हणाला म्हणे, "देवीचं काम हाय ना? मग विचारतो काय राव, जा की."

सलीमभाईंनी अंगणात वाळूच्या दोन बादल्या ठेवल्या, अग्निशामक नळकांडं तपासलं, आणि उसाच्या मांडवात वर, कुणाला दिसणार नाही असा माईक बांधला. सगळं ध्वनिमुद्रित होणार होतं. काम संपल्यावर हात पुसत म्हणाले, "मॅडम, एक बोलू? त्या दिवशी चिट्ठी मीच घेऊन गेलो होतो. आज मला कुठे पाठवू नका. आज मी फक्त आवाज बघणार."

"आज चिठ्ठ्या खणातच आहेत," मी सांगितलं.

गुरुवारी चार वाजता इंदूबाई दोन जीप भरून माणसं घेऊन आल्या. भोसरीची, मोशीची, रावेतची, पण सगळी भोकरमाळची. काहींची एकमेकांशी बऱ्याच वर्षांनी गाठ पडत होती. "तू शिंद्यांचा बारका न्हवं? किती टकला झालास रं!" असं चाललं होतं. नाना झगा घालून, कवड्यांची माळ घालून आले तशी सगळी गप्प बसली. दिवटी पेटली. मी आयुष्यात पहिल्यांदा कार्यक्रमात खाली बसले, सतरंजीवर, मांडीवर वही घेऊन.

सुरुवातीची नावं मलाही ठाऊक होती. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी. पण नंतर ती हळूहळू जवळ येऊ लागली. घाट उतरले, नद्या आल्या, इंद्रायणी आली, आणि मग एकेक शिवार. तेव्हा मला कळलं की ही यादी नाही, ही वाट आहे. लांबून निघालेली, थांबे घेत घेत आपल्या दारापर्यंत येणारी. आणि मी तिचे शेवटचे सगळे थांबे कापले होते. मी लिहीत होते आणि जागा ओळखत होते. माझा भाचा ज्या कंपनीत आहे त्या जागेवरचा वेताळ. पुलाखाली गेलेली सटवाई. जिथे गोदामं आहेत तिथला म्हसोबा. बावीस वर्षं मी या रस्त्यांवरून गेले, कुणी सांगितलं नव्हतं.

अठ्ठाविसाव्या मिनिटाला, तळ्यावरच्या सात आसरांना, म्हणजे जलदेवतांना, बोलावून झालं आणि नाना अडले.

संबळ त्याच ठेक्यावर चालत राहिला. नानांनी डोळे मिटले, मागची चार नावं पुन्हा घेतली, आसरांपाशी आले आणि पुन्हा अडले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. आवाजही आता खरखरू लागला होता. पहिल्यापासून सुरू करायचं म्हणजे आणखी अर्धा तास, आणि तेवढा गळा उरलेला नव्हता. इंदूबाई पुढे वाकल्या. त्यांना आपल्या जाखाईचं नाव माहीत होतं, पण त्यांनी ते सुचवलं नाही. बोलावणं बोलावणाऱ्याच्या तोंडून यायला हवं. माझी नजर सवयीनं घड्याळाकडे गेली आणि मला माझीच लाज वाटली.

नानांनी मागे वळून सुदामकडे पाहिलं. सुदामने मान हलवली. येत नाही.

"तोंड नगं," नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले. "हात चालव म्होरं."

सुदामने क्षणभर काड्या थांबवल्या. मग तो वाजवू लागला, पण तोच ठेका नाही. एक आवर्तन सरळ वाजवलं, त्यावरचं नाव नानांना आलंच नाही, ते नुसते ऐकत होते. आणि मग ठेका मोडला. दोन जड ठोके आणि पुढे घरंगळत येणारी दुडकी चाल, एखादं माणूस माळावरून धावत उतरावं तशी. नानांची मान वर आली.

"भोकरमाळच्या जाखाई," त्यांनी हाक मारली, "माळ उतरून ये गं, लेकरं वाट बघत्यात!"

कुणी टाळी वाजवली नाही. इंदूबाईंनी डोक्यावरून पदर घेतला. मग बसल्या जागी हाताला टेकून, शेजारणीला थोडं ढकलून, त्या सतरंजीवर बाजूला सरकल्या. वीतभर जागा मोकळी केली.

"ये बाई, ये," त्या म्हणाल्या. "बस."

पुढची नावं ओळीनं आली. एकूण आवाहन पन्नास मिनिटांचं झालं. मी माझ्या तक्त्यात ते नोंदवलं, नाही असं नाही.

नंतर मी सुदामला विचारलं, हे तुला येत होतं तर आधी का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "मला कुठे माहीत होतं, मॅडम? तिथे ठेका बदलतो एवढं हाताला माहीत होतं. का बदलतो ते आज कळलं." मला ज्वारी दळणाऱ्या आजींचं वाक्य आठवलं. ते मी 'लागणाऱ्या वस्तू' या रकान्यात टाकून मोकळी झाले होते.

नानांची शस्त्रक्रिया नीट झाली. ते बोलतात, पण जवळ कान न्यावा लागतो. मी वहीतली नावं सुंदर अक्षरात, क्रमांक घालून लिहून काढली आणि सुदामला दिली. नानांनी वही चाळली, माझ्या अक्षराचं कौतुक केलं आणि ती देव्हाऱ्याखाली ठेवून दिली. सुदाम शिकला तो सलीमभाईंच्या ध्वनिमुद्रणावरून. कंपनीच्या बसमध्ये कानात वायर घालून आणि आपल्या, कधी शेजाऱ्याच्याही गुडघ्यांवर बोटं वाजवत. शेजारी बसणारा कंटाळून म्हणायचा, "भावा, दुसऱ्याचे गुडघे बघ की." आठ महिन्यांनी दुसऱ्या रविवारी, आमच्याच अंगणात, त्याने पहिल्यांदा स्वतः आवाहन घेतलं. नाना पुढे बसून नुसतं ऐकत होते.

आसरा आणि जाखाई यांच्यामधलं ते एक नाव मात्र कुणालाच आठवलं नाही. नानांना नाही, सुदामला नाही. संबळाचं आवर्तन शिल्लक आहे, नाव गेलं. माझ्या वहीत तिथे क्रमांक आहे आणि पुढे ओळ रिकामी. मला रिकामी ओळ सहन होत नाही. मी जुनी माणसं शोधली, गावं विचारली. बातमी पसरली तशी लोक आपणहून येऊ लागले. ते आमच्या वस्तीचं नाव असणार बघा, आमचा वेताळ तिथलाच. चार-पाच जणांनी तसं सांगितलं. प्रत्येकाला मी नानांकडे नेलं. नानांनी प्रत्येक वेळी मान हलवली, ते न्हवं. आणि मग मला जवळ बोलावून कानात म्हणाले, "पर आलेत तर ह्यांनाबी बोलवा. शेवटाला घ्या."

म्हणून आता लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि एक पेन मी प्रवेशद्वारापाशी ठेवते. गोंधळाच्या दिवशी ज्याचा देव, ज्याचं गाव राहिलं असेल त्याने लिहावं. सलीमभाई चिठ्ठ्या गोळा करून सुदामला देतात आणि लगेच परत येतात, शेजारी उभे राहत नाहीत. सुदाम एकेक चिठ्ठी कपाळाला लावतो आणि हाक मारतो. माझ्या तक्त्यात आवाहनापुढे आता मिनिटं नसतात, 'संपेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. त्या दिवशी बारशाचं बुकिंग मी घेत नाही.

त्याआधी किती शाहिरांना, किती भारूडकारांना मी मध्येच थांबवलं, आणि त्यांचं कोण कोण राहिलं, हे आता कळायला मार्ग नाही. तेवढी नोंद करायला हवी होती.

गेल्या गोंधळाला मी इंदूबाईंच्या मागेच बसले होते. सात आसरा झाल्या. सुदाम गप्प झाला आणि ते बिननावाचं एक आवर्तन त्याने नुसतं वाजवलं. इंदूबाई हाताला टेकून हळूच बाजूला सरकल्या. मी पुढे वाकून त्यांना म्हणाले, "इंदूबाई, तुमची जाखाई यायची आहे अजून. इथे कुणाचंच नाव नाही."

"ठावं हाय की," त्या मागे न बघताच म्हणाल्या. "नाव न्हाई म्हनून काय त्यानं उभंच ऱ्हायचं व्हय?"